पाटी रंगवणारे

सीमेवर चकमकी सुरू होत्या तेव्हाची गोष्ट. मुलीचा कॉलेजचा अर्ज भरायला मी लोहाऱ्यातल्या ऑनलाइन केंद्रात गेलो. शेवटचाच दिवस होता. कॉलेजची वेबसाइट उघडली, तर पडद्यावर कवटी आणि कुठल्याशा परदेशी हॅकर टोळीची धमकी! आम्ही सगळे पालक हबकलो.

केंद्र चालवणाऱ्या बाई मात्र केसांत खोचलेलं पेन काढत हसल्या. “काका, त्यांनी नुसती पाटी रंगवलीय. कॉलेज जागेवरच हाय की!”

त्यांनी फोन लावून कॉलेजला कागदी अर्ज घ्यायला राजी केलं आणि आम्हा नऊ जणांचे अर्ज भराभर हातानं लिहून दिले. तो गठ्ठा घेऊन मी कॉलेजात पोचलो.

“अक्षर लई देखणं हाय. कुणाचं वो?” शिक्के मारता मारता कारकुनानं विचारलं.

बाईंचं नाव विचारायचं राहूनच गेलं होतं. “आमच्या लोहाऱ्याचं,” मी छाती फुगवून म्हणालो.