नग मोजून परत केलेलं पान

ती घटना विसरायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, पण अजून आठवते. नोकरीत माझ्या हातून गाढवपणा थोडाथोडका झाला नाही. बाकीचा सांगताना मलाच हसू येतं. हा सांगताना येत नाही.

तेव्हा मी शिरूर तालुक्यात फौजदार म्हणून नेमणुकीला होतो. केंदूरकडच्या एका गावात एका म्हाताऱ्या कंपोझिटरनं बंद पडलेल्या छापखान्याचं छोटंसं संग्रहालय केलं होतं. सगळे त्यांना आप्पा म्हणत. तिथं चोरी झाली. फिर्याद देताना आप्पा एकच धरून बसले.

"साहेब, बाकी गेलं तर जाऊ द्या. थोरल्या भावानं जुळवलेलं पान तेवढं हुडका. शिशाच्या खिळ्यांचं हाय, एकेक अक्षराचा खिळा लावून दोरीनं बांधलेलं. छापखान्याची सगळी हकीकत त्यात लिवली, आन् छापायच्या आधीच तो गेला."

"मग तुम्ही का नाही छापलं?"

"मशीन दुरुस्तीला हाय. चालू झालं की पहिला कागद त्याचाच काढणार हुतो."

"लिहिलंय काय पण?"

"खिळ्यावर अक्षर उलटं असतंय. ते वाचायची नजर राहिली न्हाई आता."

चौथ्या दिवशी खबऱ्यानं यवतच्या एका भंगारवाल्याचं नाव दिलं. त्याला आणून मी दोन तास दरडावलं. खरं तर पाचव्या मिनिटालाच तो कबूल झाला होता. उरलेला वेळ माझ्या समाधानासाठी. पुडकं त्यानं जसंच्या तसं काढून दिलं.

"वितळवलं का नाहीस?"

"लई बारीक काम केलंय कुणीतरी, साहेब. सोडायला हात हुईना."

माझा झाला. मुद्देमाल नगवार लिहायचा, हा माझा कडक नियम. टेबलावर दोरी सोडली आणि हवालदाराला म्हणालो, "मोजा एकेक."

"आप्पांना इचारायचं का आधी?"

"शिशाला काय विचारायचं?"

पंचनामा मात्र देखणा झाला.

कोर्टाच्या आदेशानंतर आप्पांना बोलावलं आणि सीलबंद पिशवी ऐटीत पुढं केली. त्यांनी सील तोडून आत हात घातला, तो बराच वेळ बाहेर काढला नाही.

"एकही खिळा कमी नाही, आप्पा."

"व्हय," ते म्हणाले. "खिळं सगळं हायती."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. भंगारवाल्याच्या हाताला जे कळलं, ते मला कळलं नव्हतं. चोरीतून शाबूत सुटलेलं पान मी दोन पंचांसमक्ष मोडलं होतं. त्यानंतर मालकाला विचारल्याशिवाय मी कुठलीच वस्तू उघडली नाही. आप्पांना त्याचा काही उपयोग नव्हता.

पावतीवर 'मुद्देमाल सुस्थितीत मिळाला' असं छापलेलं असतं. ते खोडावं, एवढंही मला सुचलं नाही. आप्पांनी त्याखाली सही केली.