थंड भट्टीच्या बागेत

मुलगा जर्मनीत शिकायला गेला, त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात त्याने आम्हा दोघांना तिकडे बोलावलं. हे नुकतेच भिलईच्या स्टील प्लांटमधून निवृत्त झाले होते. सेक्टरमधलं प्लांटचं क्वार्टर सोडून आम्ही कोहक्याला स्वतःच्या घरात राहायला आलो होतो, आणि सकाळी डबा घेऊन कुठे जायचं नाही म्हटल्यावर दिवसाचं काय करायचं, हे काही यांना सुचत नव्हतं. सिविक सेंटरच्या बाजारात जाऊन यांच्यासाठी बूट घेतले, माझ्यासाठी स्वेटर. उन्हाळ्यात स्वेटर कशाला, म्हणून हे हसले. तिथल्या पहिल्याच सकाळी मी तो चढवला.

मुलाची परीक्षा संपली तशी त्याने आणि त्याच्या दोन वर्गमित्रांनी भाड्याने गाडी घेतली. फ्रान्समधल्या एका थीम पार्कला जायचं ठरलं.

"थीम पार्क म्हणजे का राहते?" मी विचारलं.

"मैत्री बाग समज न आई. पण झूले बहुत मोठे."

"मग तुम्ही पोरंच जा. आमाले का कराचं झूल्यांचं?"

"बाबांसाठीच तर जाऊन राहिलो," तो म्हणाला, आणि पुढे काही सांगेना.

गाडी त्या दोघांतली एक, पुण्याची मुलगी चालवत होती. हे तिच्या शेजारी, मी मागे मुलाजवळ, आणि माझ्या दुसऱ्या बाजूला तो दुसरा वर्गमित्र, जो गाडी सुरू झाली तेव्हाच झोपला. ती पोरगी इतक्या वेगाने गाडी हाणत होती की मी समोरच्या सीटची पाठ धरून बसले. "काकू, घाबरू नका, इथे हळू चालवणंच धोक्याचं," ती म्हणाली. मग मध्येच कधीतरी मुलाने सांगितलं, फ्रान्स आलं. ना फाटक, ना पोलीस. यांचा विश्वासच बसेना. "पासपोर्ट कोणीच पाहून नाही राहिलं?" हे पुन्हापुन्हा विचारत होते आणि मागे वळून बघत होते.

थोड्या वेळाने शेतांच्या पलीकडे कारखान्याच्या उंच चिमण्या दिसल्या. हे सीटवर ताठ झाले.

"हे तर प्लांट हाय."

मुलगा हसायला लागला. "तेच दाखवाले आणलं तुमाले. बंद पडलेला स्टील प्लांट हाय हा. त्याचंच पार्क केलं यांनी."

मी मागून यांचा फक्त कान आणि गाल पाहू शकत होते. गाल हलत नव्हता.

ज्या गेटातून कामगार आत जात असतील, तिथे तिकिटांच्या खिडक्या होत्या. आत आइस्क्रीमच्या गाड्या, बाबागाड्या, गाणी. लोखंडी सांगाड्यांमधून झुल्याचे रूळ वळणं घेत गेलेले, आणि त्यावरून माणसं किंचाळत खाली येत होती. पुढे, सगळ्याच्या वर, ब्लास्ट फर्नेस, लोखंड वितळवायची भट्टी, उभी होती. भिलईत मी ती लांबूनच पाहिलेली. विश्वकर्मा पूजेला आम्हा बायकापोरांना आत न्यायचे, पण शेडबाहेरूनच प्रसाद घेऊन परत. संध्याकाळी त्या बाजूचं आभाळ लाल झालं की शेजारणी म्हणायच्या, स्लॅग टाकला, म्हणजे भट्टीतली तापलेली मळी. भट्टी माझ्यासाठी तेवढीच होती. यांना विचारलं की म्हणायचे, "पॅनलवर बसतो, काटे पाहतो." मला ते ऑफिससारखंच वाटायचं.

जिने चढून आम्ही भट्टीच्या पायथ्याशी गेलो. मोठी अंधारी शेड. जमिनीत एक लांब नाली, भट्टीपासून निघून पार टोकापर्यंत गेलेली. नालीच्या दोन्ही बाजूंना कठडे, कठड्यांना टेकून लहान मुलं. अचानक भोंगा वाजला, दिवे गेले, आणि नालीतून नारिंगी उजेड धावत आला. वाफेचे लोट निघाले. मुलं आनंदाने ओरडली. मी दचकून यांचा दंड धरला.

"टॅपिंग दाखवून राहिले," हे म्हणाले. "भट्टीचं तोंड फोडलं की हॉट मेटल, वितळलेलं लोखंड, असंच येते."

"तुम्ही कुठं राहत होते तेव्हा?"

"इथंच."

मला वाटलं, माझा प्रश्न यांना कळला नाही. "पॅनल कुठं राहते, ते विचारून राहिले मी."

"पॅनलवर तर शेवटी शेवटी बसवलं, गुडघे गेल्यावर. त्याच्या आधी इथंच." यांनी कठड्याच्या आत, नालीच्या काठावर बोट दाखवलं. आमच्या घरात स्वयंपाकघराच्या दारापासून गॅसची शेगडी जेवढी लांब आहे, तेवढीही ती जागा नालीपासून लांब नव्हती.

मी तिथेच पायरीवर बसले. पुण्याची मुलगी पाणी घेऊन आली, "काकू, चक्कर आली का?" म्हणून विचारू लागली. मुलगा घाबरून माझ्यासमोर बसला. यांचे शर्ट धुताना बाह्यांवर बारीक बारीक भोकं दिसायची. वेल्डिंगवाल्याजवळून गेलो, म्हणायचे. किती वर्षं मी ती भोकं रफू केली. आणि पायाच्या पिंडरीवरचा तो जळल्याचा डाग. स्कूटरचा सायलेन्सर लागला, असं सांगितलं होतं यांनी.

"तो डाग?" मी विचारलं.

यांनी मान खाली घातली. "तोही इथलाच."

त्या डागावरून मी यांना स्कूटर विकायला लावली होती. इतकी भांडले होते की यांनी मुकाट्याने ती विकून टाकली आणि पुढे किती पावसाळे सायकलने प्लांटला गेले.

"मले कावून नाही सांगितलं?"

"सांगून का केलं असतं तू? रोज दारात उभी राहिली असती."

"राहिली असती," मी म्हटलं.

हे कठड्याच्या टोकाला गेले, जिथे तो संपतो आणि भट्टीचं तोंड हाताच्या अंतरावर येतं. यांनी हात पुढे केला. मला काय झालं कोण जाणे, मी धावत जाऊन यांचं मनगट मागे ओढलं. "हात नका लावू."

"अवं, थंड हाय," हे म्हणाले. मग माझाच हात धरून यांनी त्या लोखंडावर ठेवला. सकाळच्या फरशीसारखं गार होतं.

माझा हात सोडला तरी यांचा तळवा तिथेच होता. चेहरा असा झाला होता, जसा माझ्या सासऱ्यांना शेवटची आंघोळ घालताना झाला होता. "भट्टी बंद नसते करत," हे मुलाला म्हणाले, समजावल्यासारखं. "दिवाळीलेही नाही. थंड झाली म्हणजे गेली. इथले लोक कुठं गेले?"

मुलाने तिथे उभ्या असलेल्या पार्कमध्ये काम करणाऱ्या मुलीला विचारलं. तिने हसत सांगितलं की तिच्या जन्माआधीच प्लांट बंद पडला, तिचे आजोबा इथेच कामाला होते, मग बरेच लोक गाव सोडून गेले. मुलाने ते मराठीत सांगितलं. सांगता सांगता त्याचा आवाज बारीक होत गेला.

"मले वाटलं, तुम्ही खूश व्हाल," तो म्हणाला.

"खूश हाय न बाबू. तुम्ही पैसे भरले, जा, बसा झूल्यावर."

पोरं नको नको म्हणत गेली. आम्ही दोघं खाली बाकावर बसलो. डोक्यावरून रूळ खडखडत होते आणि त्या आवाजात हे बोलायला लागले. एकदा नालीचा काठ फुटून लोखंड बाहेर आलं, ते. पायावर लाल ठिणगी बसली आणि बूट कापून काढावा लागला, ते. शेजारच्या ब्लॉकमधले एक भाऊजी अचानक वारले, आम्हाला हार्ट फेल सांगितलं, पण भट्टीवर खरं काय झालं होतं, ते. मी त्यांच्या बायकोबरोबर पापड लाटायला बसत असे. तिलाही माहीत नव्हतं. मला ऐकवत नव्हतं, आणि यांना थांबवावंसंही वाटत नव्हतं.

परतीच्या वाटेवर हे मागे माझ्याजवळ बसले आणि लगेच झोपले. मी सारा रस्ता जागी होते.

भिलईला आल्यावर काही दिवसांनी आमच्या घरासमोरची नवी सून परदेशाचे फोटो पाहायला आली. लग्न होऊन तिला वर्षही झालं नव्हतं. नवरा जवळच रसमड्याला एका फॅक्टरीत लागलेला. फोटो पाहून झाले तसं मी विचारलं, तो तिथे काम काय करतो.

"ऑफिस का ही काम है, चाची," ती म्हणाली.

"उसने बताया?"

"हाँ."

"एक बार ठीक से पूछना," मी म्हटलं. ती हसली, चहाचे कप स्वयंपाकघरात ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी ती दिसली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी आली, मी भाजी निवडत होते तिथे माझ्याजवळ खाली बसली, "भट्टी पे है, चाची," एवढंच म्हणाली, आणि मेथीची पानं खुडत राहिली.