उजव्या खिडकीतली आत्या

आमच्या आत्याला पूर्ण बसलेलं आजवर कुणी पाहिलेलं नाही. अर्धी बसलेली पुष्कळांनी पाहिली आहे. खुर्चीच्या कडेला टेकलेली, एक पाय जमिनीवर आणि दुसरा निघायच्या तयारीत. जेवतानासुद्धा ती ताट हातात घेऊन ओट्यापाशी उभी असते. काही विचारलं तर म्हणते, "बसते रे, एवढं झालं की बसते." ते 'एवढं' माझ्या आठवणीत कधी झालेलं नाही. माझ्या वडिलांची ही चुलतबहीण. तीसेक वर्षांपूर्वी नवऱ्याला घेऊन सिडनीत आली. हो, तीच त्याला घेऊन आली. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, हे बसण्याच्या कलेत जितके तरबेज तितकीच ती कच्ची. काका म्हणतात, "अरे, सप्तपदीला मी तिसऱ्या पावलावर होतो, तेव्हा ही सातव्यावर जाऊन माझी वाट बघत होती." आत्या म्हणते, यात काही अतिशयोक्ती नाही, भटजीपण सावकाशच होते.

मी पुण्याहून नोकरीनिमित्त इथे आलो आणि पहिले दोन महिने वेंटवर्थव्हिलला तिच्याच घरी राहिलो. त्या दोन महिन्यांत मी चार वेगवेगळ्या खोल्यांत झोपलो. घरात खोल्या तीनच होत्या, पण आत्याने मध्येच लाउंजमध्ये पार्टिशन घातलं. तिच्या घरातला सोफा कुठे असेल हे सकाळी सांगता येत नाही. काका अंधारात कधीच एकदम बसत नाहीत, आधी हाताने चाचपून बघतात. तिने इथे आल्यापासून सात घरं बदलली आणि नोकऱ्या किती ते तिलाच ठाऊक. पिंपरीच्या कारखान्यात ती मेकॅनिकल डिप्लोमा झालेली एकटीच मुलगी होती. इथे तिने स्पेअर पार्टच्या गोदामात काम केलं, बसचे ब्रेक तपासले, टेफ या सरकारी तंत्रशाळेत शिकवलं आणि दर वेळी "तिथे फार बसून राहायला लागतं" म्हणून नोकरी सोडली. मी आता स्कोफिल्ड्सला स्वतःच्या घरात राहतो. तरी ती रविवारी येते, माझी कपाटं उघडून बघते आणि जाताना दोन तरी वस्तूंच्या जागा बदलून जाते. मला मीठ सापडलं नाही की बायको म्हणते, "आत्या येऊन गेल्या होत्या."

इतकं सगळं बदलणाऱ्या या बाईने एक गोष्ट मात्र तीस वर्षं हलवली नाही, ती म्हणजे तिची गाडी. अमेरिकन गाडी, दोन दारांची, आठ सिलिंडरची, लांबीला एखाद्या होडीएवढी आणि रंगाने हळदीसारखी पिवळी. मॉडेलचं नाव मी सांगत नाही, कारण शौकीन लोक लगेच माझ्या चुका काढतात. गोदामातल्या एका अमेरिकन सहकाऱ्याने ती येताना बरोबर आणली होती आणि परत जाताना स्वस्तात विकायला काढली. आत्याने ती बघितली आणि त्याच दुपारी घेतली. ट्रकवरून घरी उतरवल्यावर शेजाऱ्याने सांगितलं, की स्टिअरिंग डावीकडे असलेली गाडी तीस वर्षांची झाल्याशिवाय इथल्या रस्त्यावर चालवता येत नाही. गाडी तेव्हा तेवीस वर्षांची होती. कुणीही शहाण्या माणसाने ती परत केली असती. आत्या म्हणाली, "सातच वर्षं ना? कशी जातील कळणारसुद्धा नाही." तिने ती पुन्हा ट्रकवर घालून विंडसरच्या पुढे एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये नेऊन उभी केली, वरून जुन्या साड्या पांघरल्या आणि दर महिन्याला त्याला भाड्याबरोबर लोणच्याची बरणी द्यायला सुरुवात केली. नियमाची सात वर्षं खरंच कळली नाहीत. त्यात मुलगी झाली, मग शाळा, मग काकांचं बायपास, मग मुलीचं लग्न. लोणचं चालू राहिलं. गाडी तिने रस्त्यावर एकदाही चालवली नव्हती.

मागच्या वर्षी त्या शेतकऱ्याच्या मुलाने जमीन नव्या घरांच्या वस्तीसाठी विकली आणि "आंटी, सॉरी, शेड पाडणार," असा फोन केला. ट्रकवर घालून गाडी वेंटवर्थव्हिलच्या गॅरेजमध्ये आली. साड्या काढल्या तेव्हा आत उंदरांनी सीटमधला काथ्या काढून बाळंतिणीची खोली सजवली होती, वायरी कुरतडल्या होत्या, आणि टाकीतल्या पेट्रोलची काकवी झाली होती. इंजिन तर जागचं हलेना. मेलबर्नहून, ट्रुगानिना उपनगरातल्या आपल्या घरातून, मुलीने व्हिडिओवर हे पाहिलं आणि म्हणाली, "मम्, जस्ट सेल इट. प्लीज." आत्याने फोन काकांच्या हातात दिला आणि पाना आणायला गेली.

मला वाटलं, हा नेहमीसारखा महिनाभराचा उत्साह. एका संध्याकाळी मी चहाचे दोन कप घेऊन गॅरेजमध्ये गेलो आणि तिच्या डाव्या अंगाला उभा राहिलो. ती वळली आणि सरळ माझ्यावर आदळली. चहा दोघांच्या अंगावर. "आत्या, दिसलो नाही का मी?" असं मी हसत विचारलं. ती हसली नाही. फडक्याने माझा शर्ट पुसत म्हणाली, "नाही दिसलास. काचबिंदू आहे मला. समोरचं स्वच्छ दिसतं, बाजूचं जायला लागलंय. मार्चमध्ये तपासणी आहे. डॉक्टरीण म्हणते, त्यानंतर लायसन्स बहुतेक राहणार नाही. काकांना माहितीये, बाकी कुणाला बोलू नकोस." ती पुढे म्हणाली, "मार्चच्या आधी हिला रस्त्यावर काढायची. एकदा तरी मी चालवणार. मग घेऊन जाऊ देत लायसन्स." आणि लगेच, "उभा काय राहिलास, तो जॅक दे इकडे."

ही तारीख कळल्यापासून माझीही झोप उडाली. मी स्वभावाने काकांच्या पंथातला माणूस, पण शनिवार उजाडला की मी आपोआप वेंटवर्थव्हिलला निघायचो. अडकलेलं इंजिन सोडवायला तिने सिलिंडरमध्ये तेल ओतून ठेवलं होतं आणि रोज सकाळी तुळशीला पाणी घातलं की ती लांब दांड्याचा पाना लावून ते हाताने फिरवायचा प्रयत्न करी. जोर करायचा नाही, नाहीतर आतलं मोडतं. तीन आठवडे रोज मला मेसेज यायचा: "आज नाही." "आज नाही." "आज केसभर." ज्या बाईला दूध तापेपर्यंत थांबवत नाही, ती एका लोखंडाची अशी मिनतवारी करत होती. नटबोल्ट तिने मिसळणाच्या डब्यात ठेवले होते, मोहरीच्या वाटीत वायसर आणि हळदीच्या वाटीत स्क्रू. घरातली फोडणी त्या काळात कागदाच्या पुड्यांतून व्हायची. आणि तिचा बेत सुरुवातीला फार मोठा होता. ती पर्थला जाणार होती, देशाच्या त्या टोकाला, एकटी. डिसेंबरात पर्थचं ॲडलेड झालं. जानेवारीत ती म्हणाली, पाच तासांवरच्या डबोपर्यंतसुद्धा छान रस्ता आहे.

याच जानेवारीत आमटीचं प्रकरण झालं. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारे चार छोटे पितळी तुकडे असतात, त्यांना जेट म्हणतात. तीस वर्षांच्या चिकट थराने ते काळे पडले होते. बाजारात त्यासाठी औषधं मिळतात. पण पितळ म्हटल्यावर आत्याचा हात चिंचेकडेच जाणार. तिने ते जेट धुतले, वाटीभर कोळात बुडवले आणि उन्हाळ्यात कोळ आंबेल म्हणून वाटी फ्रिजमध्ये ठेवली. रविवारी स्वयंपाक काकांकडे असतो. त्यांनी आमटीला चिंच शोधली, ती आयती मिळाली. आम्ही चौघं जेवत होतो, आत्या अर्थात उभी. माझी बायको आमटी भुरकून म्हणाली, "काका, आज गोडा मसाला वेगळा आहे का? काहीतरी खमंग लागतंय." तेवढ्यात आत्या फ्रिज उघडून शांतपणे म्हणाली, "इथली वाटी कुठाय?"

मी बायकोला इतक्या जलद चमचा खाली ठेवताना कधी पाहिलं नव्हतं. आत्याने पातेल्याच्या तळाशी डाव घालून तीन जेट काढले. चौथा नव्हता. ती आमच्या तिघांच्या तोंडांकडे अशी पाहू लागली, की मी जीभ दातांवरून फिरवून घेतली. काका म्हणाले, "मघाशी मला एक खडा लागला. म्हटलं, हल्ली डाळ नीट निवडत नाहीस. बाजूला काढून टाकला." पुढची वीस मिनिटं आम्ही मागच्या लॉनवर वर्तमानपत्र पसरून कचऱ्याचा डबा उपसत होतो. जेट सापडला तेव्हा तो नव्या दागिन्यासारखा लखलखत होता. आत्याने तो उन्हाकडे धरून आरपार पाहिला आणि म्हणाली, "गुळानेही फरक पडतो वाटतं." काका तेवढ्यात परत आत जाऊन बसले होते.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी गाडी सुरू झाली. आवाज पिठाच्या गिरणीसारखा, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाणारा. समोरच्या घरातले आजोबा धावत आले आणि टोपी काढून उभे राहिले. आत्या हसत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते तिने धुरावर ढकललं. रस्त्यावर आणण्याआधीची तपासणी येत्या गुरुवारी ठरली. नेत्रतपासणीला तीन आठवडे होते. सगळं जमत होतं.

मंगळवारी तिचा फोन आला. "एक टिकटिक येतेय रे."

"कसली टिकटिक? आत्या, पन्नास वर्षांची गाडी आहे, थोडं वाजणारच. तू तिला हात लावू नकोस."

"हात नाही लावला," ती म्हणाली. "वरचं नुसतं उघडलंय."

मी ऑफिसातून तसाच निघालो. पोचलो तेव्हा इंजिन पुन्हा सुटं होऊन वर्तमानपत्रावर पसरलेलं, आणि मध्ये बसणारं एक पातळ गॅस्केट फाटून दोन तुकडे झालेलं. तसं दुसरं ऑस्ट्रेलियात कुठे मिळालं नाही. ते अमेरिकेतून निघालं, बोटीने. इथेच मी तिच्यावर एकदा चिडलो. म्हणालो, "गुरुवारपर्यंत दोन दिवस थांबता आलं नाही तुला? तीस वर्षं थांबलीस ना?" ती नटबोल्ट वाटीत टाकत राहिली. मग म्हणाली, "तेच ना. तीस वर्षं थांबले. म्हणून आता थांबवत नाही." मला माझी लाज वाटली आणि राग मात्र तसाच राहिला.

गॅस्केट समुद्रात असतानाच मार्च आला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तेच झालं. आत्याने लायसन्स काउंटरवर दिलं आणि परतीच्या वाटेवर मला इंडियन दुकानाशी थांबवून पाच किलो कैऱ्या घेतल्या. लोणचं आता कुणाला द्यायचं हे मी विचारलं नाही. तीन आठवड्यांनी गॅस्केट आलं. मला वाटलं, ती आता त्याकडे ढुंकून बघणार नाही. पण तिने ते बसवलं, टिकटिक घालवली, तपासणी करवून घेतली, आणि गुढीपाडव्याला नाही जमलं म्हणून पुढच्या रविवारी मुहूर्त काढला.

काकांनी चारही चाकांखाली लिंबं ठेवली. आत्या डाव्या बाजूने आत शिरली, स्टिअरिंगवर बसली. "आपल्या ड्राइव्हवेवर कुणाचं राज्य नाही," म्हणाली आणि गाडी सुरू केली. लिंबं फुटली. गॅरेजच्या दारापासून फुटपाथपर्यंत चाळीसेक फूट अंतर असेल. तेवढं अंतर तिने गाडी सरळ, सावकाश चालवली आणि फुटपाथच्या रेषेवर अलगद थांबवली. मला वाटलं, ही आता थांबणार नाही, आणि खरं सांगायचं तर थांबली नसती तर मला आवडलं असतं. ती उतरली. किल्ली माझ्या हातात दिली, गाडीला वळसा घालून उजवीकडे गेली आणि दार उघडून बसली.

"कुठे जायचं आत्या? डोंगरात, कटूम्बाला?"

"विंडसर. शेड होती तिथपर्यंत."

डाव्या सीटवरून उजव्या स्टिअरिंगच्या देशात गाडी चालवणं म्हणजे माझ्यासारख्याला शिक्षाच. मी घाम पुसत, सगळ्यांना वाट देत चाललो होतो. सिग्नलला शेजारच्या लेनमध्ये एक मजुरांचा ट्रक येऊन थांबला. या देशात उजवीकडे बसतो तो ड्रायव्हर. ट्रकमधल्या माणसाला खिडकीत कोपर टेकवून बसलेली एक पांढऱ्या केसांची, कुंकू लावलेली बाई दिसली, मी त्याच्या हिशेबात नव्हतोच. तो ओरडला, "ब्यूटिफुल कार, लव्ह! यू डू इट अप यॉरसेल्फ?"

"एव्हरी बोल्ट, मेट!"

"गुड ऑन या! यू ड्राइव्ह सेफ, ओके?"

मला वाटलं, ती त्याला खरं सांगेल. माझा शर्ट पुसता पुसता काचबिंदूचं खरं सांगून टाकणारी बाई. तिने नुसता हात उंचावला. "नो वरीज," म्हणाली.

सिग्नल हिरवा झाला. विंडसरपर्यंतचा सगळा रस्ता ती पाठ टेकून, दोन्ही पाय पसरून, पूर्ण बसली होती. मध्ये एकदाही उठायला लागलं नाही, एकदाही काही हलवावंसं वाटलं नाही. सरळ समोर बघत होती, तिथलं तिला अजून स्वच्छ दिसतं. मी तिला असं बसलेलं पहिल्यांदाच पाहत होतो. विंडसरला पोचायची मला मुळीच घाई नव्हती.