तपकिरी लुगडं

वडील गेले त्या वर्षी घरात वाद पेटला तो आईच्या हिरव्या लुगड्यावरून. वडिलांनी ते जालन्याच्या बाजारातून स्वतः पारखून आणलं होतं आणि आई ते एकदाच नेसली होती. विधवेला हिरवं चालत नाही, म्हणून थोरली काकू म्हणे, "देऊन टाक कुणाला तरी." आई देईना. शेवटी लुगडं काखेत मारून ती मला घेऊन जाफराबादच्या म्हाताऱ्या रंगाऱ्याकडे गेली.

मला ते आवार फार आवडायचं. दोऱ्यांवर वाळणारे फेटे, चुलीवर रटरटणारं तांब्याचं भगुणं, कोपऱ्यात तुरटीचे खडे, आणि रंग लागू नये तिथं दोरा आवळून बांधलेल्या चुनऱ्या. अजूनही ओल्या सुताचा वास आला की मी तिथंच जाऊन उभी राहते.

"चाचा, हे पांढरं व्हईल का?" आईने विचारलं.

"न्हाई बाई. हिरवा पुरा निघायचा न्हाई, अन् कापड जळंल. याच्यावर लाल चढवतो. लाल अन् हिरवा एकमेकाला खातेत, मंग तपकिरी व्हतं. तपकिरीला कोण नावं ठेवतंय?"

आई लुगड्यावरून हात फिरवत राहिली. मला फेटे बघायला पाठवून ती त्याच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलली. न्यायला कधी यायचं ते विचारत असेल, असं मला वाटलं.

पुढच्या बाजारी आम्ही गेलो. रंग सुरेख उतरला होता, भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा. पण घडी उलगडली तर एका टोकाला वीतभर पट्टा हिरवाच्या हिरवा! कडेला दोरा आवळल्याच्या सुरकुत्या. माझी जीभ तेव्हाही तिखटच.

"चाचा, चुनरी बांधता बांधता यालाबी दोरा बांधला का? एवढं एकच चांगलं लुगडं होतं माझ्या मायचं, त्याची पार वाट लावली तुम्ही!"

गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. म्हातारा खाली मान घालून म्हणाला, "चूक झाली, बेटी." आईने लुगडं गुंडाळलं आणि माझा दंड धरून मला बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी ती ते नेसली. हिरवं टोक तिने आधी पोटाशी आवळून खोचलं, त्यावर तपकिरी वेढे आले. बाहेरून काही म्हणता काही दिसेना. मी बघतच राहिले.

"त्याला मीच सांगितलं व्हतं बांधायला," ती म्हणाली. "तेवढं तरी तुझ्या बापाचं राहू दे अंगाला."

मला रडू फुटलं आणि स्वतःची लाजही वाटली. पुढच्या बाजारी मी एकटीच रंगाऱ्याकडे गेले.

"चाचा, मायनं सांगितलं मला. मी उगंच बोलले तुम्हाला."

त्याने आजूबाजूच्या गिऱ्हाइकांकडे पाहिलं आणि काठीने भगुण्यातलं कापड हलवलं.

"काय सांगितलं? माझाच दोरा राहून गेल्ता, बेटी. म्हातारपणी व्हतं असं."