आठ घरांचं नेट आणि बाबांचे शब्द

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा त्यांच्या वकिलीला चाळीस वर्षं झाली होती. अकोल्याच्या कोर्टात त्यांचा आवाज बाहेरच्या व्हरांड्यात ऐकू यायचा, असं लोक सांगत. दवाखान्यातून घरी आल्यावर दोन महिन्यांत उजवा हात थोडा हलू लागला, पायही टेकू लागला, पण बोलणं परतलं नाही. समजत सगळं होतं. बोलायला गेले की शब्दाचं शेवटचं अक्षर गळायचं. 'पाणी' मागताना 'पा'वरच थांबायचे आणि माझ्याकडे बघत राहायचे.

बोलणं शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई अमरावतीला होत्या. सुरुवातीला आम्ही दर आठवड्याला एसटीने जायचो. बडनेरा येईपर्यंतच बाबा इतके थकत की बाईंसमोर बसल्यावर तोंड उघडायचं त्राण उरत नसे. मग बाईंनीच सुचवलं की महिन्यातून एकदा या, बाकीचे दिवस संध्याकाळी सहाला इंटरनेटवरून अर्धा तास बोलू. व्हिडिओ त्यांना नको होता. चेहरा दिसला की ओठांवरून शब्द ओळखता येतो, आणि त्यांना बाबांचं बोलणं फक्त कानाने तपासायचं होतं. साध्या फोनवर आमच्या तळमजल्यात रेंज यायची नाही. जुन्या शहरातली गल्ली अरुंद, इमारती एकमेकींना चिकटलेल्या.

आमच्या इमारतीत आठ बिऱ्हाडं आणि सगळ्यांत मिळून एकच नेटचं कनेक्शन. राउटर जिन्यात, कुलपाच्या डब्यात.

पहिला आठवडा बरा गेला. मग एका संध्याकाळी बाईंनी 'न्यायालय' हा शब्द दिला. बाबांच्या रोजच्या वापरातला शब्द, म्हणून मुद्दाम दिला होता. बाबांनी तो सावकाश, पूर्ण म्हटला. मी शेजारीच बसले होते. पलीकडून बाई म्हणाल्या, शेवट ऐकू आला नाही, परत म्हणा. असं पाच वेळा झालं. सहाव्या वेळी बाबांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि आतल्या खोलीत निघून गेले. दोन दिवस त्यांनी हेडफोनला हात लावला नाही.

मी बाईंना फोन केला. त्या स्पष्ट बोलल्या.

"ताई, शब्दाचा शेवट ते खातात की तुमचं नेट खातं, हे मला इथून कळत नाही. ते कळल्याशिवाय शिकवत राहिले तर त्यांचं बरोबर आलेलंही मी चूक ठरवीन."

त्या दिवशी मी ठरवलं की हे कळलंच पाहिजे. मी शाळेत गणित शिकवते. नेटमधलं काही येत नव्हतं, पण जे येत नाही ते वही घेऊन बसलं की येतं, एवढा विश्वास होता. केबलवाल्याने मोठा प्लॅन घ्यायला सांगितला. सगळ्यांनी मिळून घेतला. फरक शून्य. मग मी रोज कॉल कधी तुटतो ते लिहू लागले आणि शाळेतून आल्यावर वाचू लागले. हळूहळू उलगडलं. दुसऱ्या मजल्यावरचा फोटोग्राफर लग्नसराई सुरू झाल्यापासून रोज साडेपाचनंतर लग्नांचं शूटिंग नागपूरला पाठवायचा. नेटची बाहेर जायची वाट तेवढ्याने भरून जायची. बाबांचा आवाज म्हणजे अगदी चिमूटभर माल, पण तो त्या ढिगाच्या मागे अडकायचा. फाईल पाच मिनिटं उशिरा पोचली तरी पूर्ण पोचते. आवाजाचा तुकडा उशिरा आला, तर पलीकडचा फोन तो टाकूनच देतो. राउटरमध्ये आवाजाला पुढे सोडायची सोय होती. पासवर्ड मात्र इमारतीच्या सेक्रेटरीकाकांकडे होता. ते तहसीलमधून निवृत्त झालेले, नियमाचे पक्के.

त्यांनी रविवारी सकाळी गच्चीवर सगळ्यांना बोलावलं. मी वही उघडून सांगितलं आणि आमच्या घराचा कॉल आधी जाऊ द्यावा, अशी विनंती केली. फोटोग्राफर म्हणाला की त्याचंही पोट त्याच वेळेवर आहे. ते खोटं नव्हतं. सेक्रेटरीकाकांनी मान हलवली.

"वकीलसायबाबद्दल मले वाईट वाटते, पोरी. पण कनेक्शन सगळ्याइचं हाय. मंग तुमच्याच घरचं पयले काहून?"

मला राग आला होता, आणि प्रश्न योग्य आहे हेही कळत होतं. तेवढ्यात जिन्यात काठीचा आवाज झाला. बाबा एकटे तीन मजले चढून आले होते. कठड्याला धरून त्यांनी श्वास घेतला आणि बोलायला सुरुवात केली. एकेका शब्दाला वेळ लागत होता.

"माझा... नको. सगळ्यां... चा. आवाज... आधी."

मी घरासाठी मागत होते. बाबांनी मागणीच बदलली. कोणत्याही घरातून बोलणं होत असेल तर ते आधी जावं, फायली मागून. पहिल्या मजल्यावरच्या काकू लगेच म्हणाल्या की पुण्याच्या मुलीचा आवाज त्यांनाही संध्याकाळी तुटकच येतो. फोटोग्राफरही ग्राहकांशी नेटवरूनच बोलायचा. आठ दिवस करून बघायचं ठरलं आणि काकांनी पासवर्ड लिहून दिला.

पहिल्याच प्रयत्नात मी सगळ्या इमारतीचं नेट बंद पाडलं. तासभर दारावर थापा पडत होत्या. मी प्रत्येकाची माफी मागितली आणि परत राउटरपाशी जाऊन बसले. दुसऱ्यांदा नेट चालू झालं, आवाज पुढे सोडायची सोयही चालू केली, पण कॉल तुटायचा तसा तुटतच होता. चूक तिसऱ्या दिवशी सापडली. बाहेर जायचा वेग राउटरमध्ये प्रत्यक्षापेक्षा थोडा कमी लिहायचा असतो. तसं केलं नाही तर गर्दी आपल्या राउटरच्या पुढे, कंपनीच्या यंत्रात साचते आणि तिथं आपला क्रम चालत नाही. आकडा कमी केला. सहाला बाईंचा कॉल लागला. वर फोटोग्राफरची फाईल चालूच होती.

अर्धा तास आवाज एकदाही तुटला नाही. शेवटी बाई म्हणाल्या, "आता मला नीट कळलं. 'न्यायालय' ते पूर्ण म्हणतात. पण 'त' आणि 'क'ने संपणाऱ्या शब्दांचा शेवट ते खरंच खातात."

मला वाटलं, हे ऐकून बाबा खचतील. नेटवर ढकलता येईल असं आता काही उरलं नव्हतं. त्यांनी माझ्या हातातला पेन घेतला, डाव्या हाताने कागदावर वेडावाकडा 'त' काढला, त्याखाली 'क', आणि हेडफोन परत कानाला लावला. बाईंना आणखी दहा मिनिटं थांबावं लागलं.

आठ दिवसांनी फोटोग्राफरने सांगितलं की त्याच्या फायलींना दोन-चार मिनिटं जास्त लागतात, बाकी काही नाही. सेटिंग तशीच राहिली. बाबा पुन्हा कोर्टात उभे राहिले नाहीत. मात्र वर्षभरात ते लहान वाक्यं पूर्ण करू लागले. त्यांच्याकडे काम शिकलेला एक वकील आता सल्ल्यासाठी फोन करतो. बाबा सावकाश सांगतात, तो लिहून घेतो.

पुढे बाईंनी दर्यापूरच्या एका बाईला माझा नंबर दिला. तिच्या नवऱ्यालाही झटका आला होता. तिचं आणि नवऱ्याच्या चुलत-सख्ख्या चार भावांची, अशी पाच घरं एकाच कनेक्शनवर होती. मी रविवारी गेले. ओसरीवर चौघे भाऊ बसले होते, आणि थोरल्याने पहिलंच विचारलं, यात आमचं नेट कमी तर नाही न होणार? मी सतरंजीवर बसले, वही उघडली आणि पहिल्यापासून समजावून सांगायला लागले.