पुरवण्या फाडणारे सर

आमच्या सुकापुरातले सर पुरवण्या फाडायचे. दहावीच्या सराव पेपराला कुणी जादा पान जोडलं, की ते न वाचताच टरकावून टाकत. "पुरवण्यांवर मार्क मिळाले असते तर पनवेलचे स्टेशनरीवाले बोर्डात आले असते!" म्हणून मुलं त्यांना पुरवणी सर म्हणत, तोंडावरसुद्धा.

मी त्यांच्याकडे पोळ्या करायचे. शिक्षण चौथी. क्लास बाहेरच्या खोलीत, ओटा भिंतीपलीकडे, त्यामुळे सगळं ऐकू यायचं. "पेपर तपासणारा देव नाही रे. उकाड्यात बसलाय, चहा गार झालाय, समोर गठ्ठा आहे. त्याला आधी उत्तर सांग, मग कारणं सांग आणि गप बस."

मोठं उत्तर लिहिलं की ते मुलाला स्वयंपाकघराच्या दारात उभं करत आणि मला वाचून दाखवायला लावत. "मावशींना कळलं तर बोर्डाला कळेल." मी लाजून प्रत्येकाला मान डोलवायचे. सर वैतागायचे, "मावशी, तुम्ही परीक्षक आहात की नंदीबैल?"

त्या वर्षी माझी सुजाता इतिहास-भूगोलात नापास झाली. तिचे वडील न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचे. म्हणाले, "ऑक्टोबरात बसू दे. परत नापास झाली तर पळस्प्याचं स्थळ पक्कं." सरांनी तिला क्लासात बसवून घेतलं.

एकदा सुजाता दारात उभी राहून वाचू लागली. अठराशे सत्तावन्नचा उठाव का फसला? तिने भारतभूमीच्या थोरवीपासून सुरुवात केली. दीड पान झालं तरी उठाव सुरूच होईना. मी मान डोलवली.

"आई म्हणून डोलवू नका," सर म्हणाले. "बोर्डात हिची आई बसलेली नाही."

सगळी मुलं बघत होती. मी पोळपाटाकडे बघत म्हणाले, "नाय कळलं. का फसला, ते आलंच नाय."

सुजाता रडली, दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग नवीन उत्तर आणलं. पहिलीच ओळ होती, "उठाव फसला, कारण सगळ्यांचा मिळून एक नेता नव्हता." मला कळलं.

परीक्षेनंतर सरांचा दमा वाढला आणि ते लेकीकडे पुण्याला गेले. निकाल लागल्यावर मी पीसीओवरून फोन केला.

"सर, सुजाता पास झाली."

"किती?"

"अडतीस."

"तपासणारा दयाळू निघाला. आणि स्थळ?"

"हे म्हणत होते, पास झाली तरी स्थळ चांगलं हाय. मी नाय म्हटलं."

"तुम्ही? मोठ्याने?"

"हो. ती अकरावीला जाणार, म्हटलं."

"आणखी काय म्हणालात?"

"काय नाय. तेवढंच."

"दहापैकी दहा," सर म्हणाले. पुढे ते खोकले की हसले, फोनवर कळलं नाही. आमचं ते शेवटचं बोलणं.