हर्णैला समुद्र जागेवर नव्हता

बस वेळेवर पोचली, बाया उतरल्या आणि समुद्र जागेवर नव्हता. भरती-ओहोटीच्या वेळा न बघताच मी डॉल्फिनची फेरी ठरवली होती.

अकोल्यात माझी टूर्सची एजन्सी आहे. ग्रुप नेण्याआधी आम्ही एकटे जाऊन जागा बघून येतो, त्याला ‘रेकी’ म्हणतात. रेकीच्या सकाळी हर्णै बंदरात पाणी पार वरपर्यंत होतं. समोर सुवर्णदुर्ग, काठाला होड्या. मी फोटो काढला आणि तीच वेळ प्रोग्रॅममध्ये टाकली. आमच्याकडचं पाणी धरणाचं. ते उतरतं उन्हाळ्यात, सावकाश, पेपरात बातमी देऊन. समुद्र रोज उतरतो आणि तोही वेळ बदलून, हे डोक्यातच आलं नाही.

आता होडी लांब पाण्यात आणि मध्ये नुसता चिखल. होडीवाला म्हणाला, भरती दुपारी. पण तेव्हा वारा सुटतो, लाटांत डॉल्फिन दिसत नाहीत. शिवाय दुपारी आम्हाला परत निघायचं होतं.

ग्रुप हिवरखेडच्या फुलवाल्या बायांचा. फुलं रोज तोडावी लागतात, त्यामुळे यांना सुटी माहीत नाही. द्वारकाबाईंनी घरोघरी जाऊन, एकेकीच्या नवऱ्याला पटवून हा ग्रुप जमवला होता. डॉल्फिन न बघता परतलो तर गाव त्यांनाच बोलणार होतं.

मी घाईने पर्याय काढला, मासळीबाजार बघू. अर्ध्या बायांना मासळीचा वासही चालत नव्हता.

द्वारकाबाईंनी मला सोडून होडीवाल्याला विचारलं, "गारा किती खोल हाये?"

"गुडघाभर."

"मंग आपन काहून उभ्या राहिलो? वावरात काय सतरंजी अंथरलेली असते?"

लुगडी खोचून बाया निघाल्या. टूर मॅनेजरने पुढे असावं म्हणून मी बुटांसकट पुढे झालो. आधी एक बूट गेला, मग दुसरा, मग मी खाली बसलो. दोघींनी काखेत हात घालून मला कांद्यासारखं उपटलं, काठावर ठेवलं आणि त्या होडीकडे गेल्या.

मी नळाखाली पाय धूत असताना समुद्रातून बायांचा कल्ला ऐकू आला. म्हणजे डॉल्फिन दिसले. मला मात्र परतल्यावर वर्णनच मिळालं: डोहात लोळणाऱ्या म्हशीसारखी पाठ, पण उडी वासराची.

आता मी आधी ओहोटी बघतो, मग हॉटेल.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी रीतसर फीडबॅक विचारला. द्वारकाबाई म्हणाल्या, "पुढच्या साली चांदूर बाजारच्या बहिनीलेबी आनतो. बस पाठवजा, भाऊ. तुमी अकोल्यातच राहजा."